सतरा जानेवारीचं ग्याझेट

आमच्या गावात बिराप्पा नावाचा माणूस एकच, तरी त्याला नुसतं बिराप्पा कुणी म्हटलं नाही. ग्याझेट बिराप्पा म्हणायचे. गडी अक्षर एक ओळखत नव्हता. सहीच्या जागी अंगठा, आणि तोही नीट उठत नव्हता, मेंढरांची लोकर कातरून कातरून बोटाच्या रेघा पुसल्या होत्या. पण सरकारी राजपत्र कुठल्या वारी निघतं, कुठल्या भागात काय छापतात, आपल्या जिल्ह्याची पुरवणी कुठली, आणि ती गावात नाही मिळाली तर कुठं जाऊन हुडकायची, हे त्याला तोंडपाठ. कॉलेज शिकलेली पोरं नाव बदलायचं असलं की त्याच्या वाडग्यावर, मेंढवाड्यात, जायची. हा मेंढरांच्या घोळक्यात उभा राहून त्यांना सांगायचा, "भाग दोन बघा. एकात न्हाई घावायचं."

हे शिक्षण त्याला कसं झालं ते सांगतो. त्यात चूक माझी आहे. मी ती आता लपवत नाही. एकदा लपवून बघितली, तेवढं पुरे.

तासगाव सोडून पूर्वेला निघालं की द्राक्षांचे मांडव हळूहळू विरळ होतात, मग कुसळं लागतात, मग आमचं गाव लागतं. मी त्या गावच्या ग्रामपंचायतीचा शिपाई. सातवी फायनल झालेला. त्या काळात गावात एवढं शिकलेले पाचसहा जण, त्यामुळं झाडू मारण्यापासून टपाल वाचण्यापर्यंत सगळं माझ्याकडं. टपालात ग्याझेट यायचं. कागदाच्या पट्टीत गुंडाळलेलं, तीन सिंहांचा शिक्का असलेलं. ते कुणी उघडत नव्हतं. सरपंच दादासो पट्टीसकट उचलून कपाटावर टाकायचे आणि म्हणायचे, "ज्ञानू, सरकार लय लिवतंय रं. आपुन कवा वाचायचं?"

कपाटावर ढीग व्हायचा. उंदीर व्हायचे. वर्षातून दोनदा मी तो ढीग घरी न्यायचो. कारण माझी बायको रंगुबाई. आमच्याकडं बायका भाकरीच्या बुट्ट्या, म्हणजे टोपल्या, लिंपतात, ठाऊक असेल तुम्हाला. कागद आणि मेथ्या भिजवायच्या, उखळात कांडून लगदा करायचा आणि वेताच्या बुट्टीला आतून बाहेरून थापायचा. बुट्टी दगडासारखी होते, पीठसुद्धा गळत नाही. आणि लगद्याला सगळ्यात चांगला कागद कुठला? ग्याझेटाचा. वर्तमानपत्राचा काळा लगदा होतो, ग्याझेटाचा कसा शुभ्र. रंगुबाईच्या बुट्ट्यांना पंचक्रोशीत नाव होतं. आतून बुडाला ती एक सबंध पान डकवायची, शिक्का वर येईल असं. म्हणायची, "शिंव्ह बघून मुंग्या येत न्हाईत."

मुंग्या यायच्या. पण ते असो.

बहात्तरचा दुष्काळ होऊन गेला. सरकारनं ठरवलं की आमच्या ओढ्यावर पाझर तलाव बांधायचा. गावाला आनंद झाला. पाणी कुणाला नको? पण तलाव बसणार होता तो बिराप्पाच्या चार एकरांत.

त्या चार एकरांचं सांगितलं पाहिजे. बिराप्पाच्या घराण्यात पिढ्यान्पिढ्या कुणाच्या नावावर जमीन नव्हती. मेंढरं घेऊन हिंडायचं, ज्याच्या रानात बसायचं त्याचं रान खतवायचं, पुढं चालायचं. त्याच्या बापानं अर्धा कळप विकून हे रान घेतलं आणि स्वतः पहार घेऊन त्यात विहीर पाडली. विहिरीला पाणी लागलं त्या दिवशी म्हातारा काठावर बसून म्हणाला होता, "आता आमाला कुटलं गाव म्हनून कुनी इचारलं, तर सांगाया गाव हाय." हे बिराप्पानं मला शंभर वेळा सांगितलं असेल.

आता मेंढक्यांची रीत अशी, की दिवाळी झाली की कळप घेऊन कृष्णाकाठाला उतरायचं. वाळवा, इस्लामपूर, कुंडल. उसाच्या रानात मेंढरं बसवायची, पाऊस पडला की माघारी. चौऱ्याहत्तर सालच्या जानेवारीत तलावाची नोटीस निघाली तेव्हा बिराप्पा कुंडलच्या शिवारात होता. गावात दवंडी पिटली, चावडीवर कागद चिकटवला. तो कागद एका शेळीनं खाल्ला. हे मी रचून सांगत नाही, शेळी पाटलांची होती.

नऊ फेब्रुवारीला, शनिवारी, बिराप्पा पंचायतीच्या दारात उभा. खांद्यावर कांबळं, हातात काठी, पायावर धुळीचे मोजे. कुंडलहून चालत आलेला. माझ्यापेक्षा दहाबारा वर्षांनी मोठा, आम्ही त्याला आबा म्हणायचो. दादासो खुर्चीवर होते.

"दादासो, माझं रान गेलं म्हनं."

"अजून गेलं न्हाई. पर ग्याझेटात आलंय आबा. ग्याझेटात आलं म्हंजे झालं."

"कुनी बघितलं?"

"काय?"

"ग्याझेट. त्यात माझं रान हाय, ह्ये डोळ्यानं कुनी बघितलं?"

दादासोंनी माझ्याकडं बघितलं. मी कपाटाकडं बघितलं. दादासो म्हणाले, "ज्ञानू, काढ रं. हरकत घ्यायला तीस दिस असत्यात म्हनं. कुटल्या तारखेपासनं ते बघून सांग आबाला."

मी स्टुलावर चढलो आणि चढता चढताच मला आठवलं. रथसप्तमी झाल्यावर मी सगळा ढीग घरी नेला होता. कपाटावर होतं ते एकच नवं ग्याझेट, फेब्रुवारीचं. जानेवारीचं एक पान नव्हतं.

तिथंच खाली उतरून सांगायला पाहिजे होतं, की आबा, बायकोनं बुट्टी लिंपली. पण सरपंच समोर बसलेले. सरकारी कागद घरी नेले म्हणून नोकरी गेली असती. आणि बिराप्पाची काठी माझ्या मनगटाएवढी होती. मी म्हणालो, "त्यो अंक टपालानं आलाच न्हाई."

एवढं वाक्य. त्याला काही वजन नव्हतं तेव्हा.

बिराप्पा म्हणाला, "मग कुटं घावंल?"

"सांगलीला."

"चल मग. सोमवारी."

आणि पाहुणा दारात आला म्हणून मी त्याला घरी जेवायला नेलं. त्याला सोडून कुठं जाणार? रंगुबाईनं पिठलं केलं आणि भाकरी पुढं ठेवल्या, नव्या बुट्टीतच. बिराप्पा मुकाट जेवला. शेवटची भाकरी उचलली तेव्हा बुडातला शिक्का दिसला. त्यानं तो घटकाभर बघितला. म्हणाला, "बुट्टी झ्याक झालीया, बाई."

"आवं, सरकारी कागद हाय आबा," रंगुबाई कौतुकानं म्हणाली. मला ठसका लागला.

तो गेल्यावर मी बुट्टी उन्हात नेली. शिक्क्याखाली तारीख स्वच्छ होती: गुरुवार, १७ जानेवारी १९७४. खाली पाझर तलावासाठी संपादन, तालुका, आमच्या गावाचं नाव. पुढं पान कातरलेलं. बाकीची पानं बुट्टीच्या अंगात मेथ्यांत मुरली होती. बोटं मोजली. सतरा जानेवारीपासून तीस दिवस म्हणजे सोळा फेब्रुवारी. शनिवार. पुढचाच. रंगुबाईला सांगितलं तर ती म्हणाली, "जाऊन सांगा की वो त्येला. बुट्टी घिऊन जावा."

"आणि दादासोला काय सांगू?"

त्या दिवसापासून त्या बुट्टीतली भाकरी तिनं खाल्ली नाही.

सोमवारी आम्ही सांगलीला गेलो. ज्या कचेरीत गेलो तिचं नाव सांगत नाही, तिथली माणसं वाईट नव्हती. साहेब दौऱ्यावर, फाईल साहेबांच्या जीपमध्ये. कारकून म्हणाला, "हरकत देता येईल. अर्जात राजपत्राची तारीख घाला. तारखेशिवाय मी अर्ज कशाला जोडू?"

बिराप्पानं माझ्याकडं बघितलं. "ज्ञानू, तारीख रं?"

तारीख माझ्या जिभेवर होती. पण सांगितली असती तर पुढचा प्रश्न ठरलेला होता, अंक आलाच न्हाई तर तारीख तुला कशी ठावं? मी म्हणालो, "ठावं न्हाई आबा. हुडकूया."

त्या दिवशी तो अर्ज तिथंच, त्या टेबलावर, दहा मिनिटांत झाला असता. पुढं जे झालं ते सगळं त्या एका "ठावं न्हाई"चं.

कारकुनानं एका वाचनालयाचा पत्ता दिला. मंगळवारी आम्ही तिथं. ग्रंथपाल म्हातारे गृहस्थ, कानात कापूस. त्यांनी आम्हाला बसवून घेतलं आणि शिकवणीच घेतली. ग्याझेट म्हणजे एक कागद नसतो, त्याचे भाग असतात. नेमणुका बदल्या एकात, नावं बदलल्याच्या जाहिराती दुसऱ्यात, कायदे आणखी कुठं. आपल्या भागातल्या जमिनीचं बघायचं तर पुणे विभागाची पुरवणी. दर गुरुवारी निघते. त्यांनी बांधलेले जाडजूड खंड दाखवले. बिराप्पा त्यांच्याकडं असा बघत होता, जसा दुसऱ्याचा कळप बघतो. हात लावायचा नाही, पण किती आहेत ते मोजायचं.

"जानेवारीचे अंक सध्या बांधायला गेलेत," ग्रंथपाल म्हणाले. "घाई असेल तर पुण्याला जा. तिथं सरकारी ग्रंथागार आहे. सरकार जे छापतं ते विकायला तिथं असतं."

"दिस किती ऱ्हायलं?" बिराप्पानं विचारलं.

"ते तारखेवर अवलंबून, बाबा."

मला माहीत होतं. चार.

बुधवारी मिरजेहून पुण्याची पॅसेंजर धरली. बिराप्पा पहिल्यांदा आगगाडीत बसलेला. दुसऱ्या कुणाबरोबर असतो तर ह्या प्रवासाच्या पंधरा गमती सांगितल्या असत्या. त्यानं टीसीला राम राम केला, तिकीट तपासून परत दिलं तर म्हणाला, "ठिवा तुमच्यापाशीच, माझ्यापाशी हरपंल." सगळा डबा हसला. मी नाही हसलो. तो खिडकीतून बाहेर बघत प्रत्येक रानात मेंढरं मोजत होता आणि मधूनच म्हणत होता, "तू हाईस म्हनून बरं हाय रं ज्ञानू. मला कोन वाचून दावनार हुतं?"

गुरुवारी ग्रंथागारात गर्दी. खिडकीवर माणसंच माणसं. कुणाला कुठला कायदा पाहिजे, कुणाला जनगणनेचं पुस्तक. आमचा नंबर लागला तेव्हा दुपार कलली होती. खिडकीतला माणूस म्हणाला, "कुठली तारीख?"

"जानेवारी," मी म्हणालो.

"जानेवारीत पाच गुरुवार होते. शिवाय पुरवण्या. मागं गोदाम आहे, मी प्रत्येक गठ्ठा फोडू का? तारीख घेऊन या."

"सायेब, लांबनं आलोय," बिराप्पा म्हणाला.

"सगळे लांबूनच येतात, आजोबा. उद्या या, बघू."

आम्ही बाहेर आलो. ती रात्र स्टेशनावर त्याच्या कांबळ्यात काढली. अर्धं कांबळं त्यानं माझ्यावर टाकलं. मला त्याचं ओझं झालं.

शुक्रवारी परत खिडकी. परत तोच माणूस. परत, "तारीख?"

बिराप्पानं खिडकीचा गज धरला. मोठा दांडगा माणूस, पण आवाज असा निघाला की मी मान खाली घातली. "सायेब, माझ्या बाऽनं हिर पाडलीया तिथं. आमाला दुसरं गाव न्हाई."

"आजोबा, मी काय करू? तारीख सांगा, दोन मिनिटांत देतो."

आणि मी म्हणालो, "सतरा जानेवारी."

खिडकीतला माणूस आत गेला. बिराप्पा वळून माझ्याकडं बघू लागला. दोन मिनिटांत अंक आला. मी दोन प्रती मागितल्या, का ते मला सांगता येणार नाही. बिराप्पानं एक प्रत हातात घेतली, उलटी धरली, सुलटी केली, आणि शिक्क्यावर अंगठा ठेवला.

हा माणूस एकशेवीस मेंढरं तोंडावरून ओळखायचा. बाजारात हरवलेली मेंढी दोन वर्षांनी दुसऱ्याच्या कळपातून ओढून काढलेला. त्याला अक्षर येत नव्हतं, पण एकदा बघितलेलं तोंड तो विसरत नव्हता.

"वाच," म्हणाला.

मी तिथंच फुटपाथवर वाचलं. गावाचं नाव, गट नंबर, चार एकर, आणि कब्जेदार म्हणून बिराप्पाचं नाव, बापाच्या नावासकट. त्यानं अजूनपर्यंत आशा धरली होती की कुणीच बघितलं नाही म्हणजे कदाचित नसेलच त्यात. मी वाचताना त्याचा चेहरा बघत होतो. आधी तो विझला. मग म्हणाला, "माझ्या बाऽचं नाव छापलंय?"

"व्हय आबा."

"हितं? पुण्यात?"

"व्हय."

गाडीत तो माझ्यासमोर बसला. नीरा गेलं, वाठार गेलं, सातारा रोडला भेळवाला चढला, उतरला. कराड आलं. तेव्हा म्हणाला, "तुज्या भाकरीच्या बुट्टीत हाय त्यो. ह्योच शिक्का. ह्योच कागूद. जेवताना बघितला व्हता म्या."

मी म्हणालो, "व्हय."

"तवा मला वाटलं, आसंल दुसरा. सारखी तोंडं आस्त्यात कवाकवा." मग म्हणाला, "सोमवारी त्यो कारकून इचारत हुता तवा तुला तारीख ठावं हुती?"

"व्हय."

"दादासोला भ्यालास?"

"दादासोला बी. तुमाला बी."

त्यानं काठी आडवी मांडीवर घेतली. मी वाट बघत होतो. शेजारच्या बाईनं पोराला पोटाशी धरलं. बिराप्पा म्हणाला, "मला कशाला भ्यायचं रं? माझं कुनी कवा ऐकलंय?" आणि मिरजेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला. त्या दिवशी त्यानं मेंढरं मोजली नाहीत.

काठीचा एक तडाखा बसला असता तर बरं, असं मला अजून वाटतं.

शनिवारी कचेरी अर्धा दिवस. आम्ही दार उघडायच्या आधी पायरीवर. अर्ज मी लिहिला, बोलला तो. मला वाटलं होतं तो म्हणेल तलाव नको. तो म्हणाला, "लिव. पानी गावाला पायजे, मला बी पायजे. तलाव बांधा. पर भिंत वढ्याच्या खालच्या अंगाला न्या आनि पाण्याची कड माझ्या हिरीच्या अलीकडं ठिवा. हिर माझ्या बाऽची हाय." कारकुनानं अर्ज वाचला, तारीख बघितली, शिक्का मारला. तीस दिवसांतला तिसावा.

गावात आल्यावर मी सरळ दादासोंकडं गेलो आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आमच्या घरात बी तुज्या बायकोच्या दोन बुट्ट्या हाईत रं." नोकरी राहिली. पण बिराप्पानं माझ्याशी बोलणं टाकलं. कुंडलला गेला, पाऊस पडल्यावर आला, समोरून गेला तरी वळायचा नाही.

आषाढात एका गुरुवारी पंचायतीच्या पायरीवर येऊन बसला. म्हणाला, "ग्याझेट आलंय?"

"मागल्या आठवड्याचं हाय."

"वाच."

"कुटलं पान, आबा?"

"पैल्यापासनं."

मी वाचत सुटलो. कुठल्या सोसायटीचं दिवाळं, कुणाची बदली, कुणी दगडू नाव टाकून दिलीप घेतलेलं. तो मान खाली घालून ऐकत होता. संपल्यावर उठला आणि गेला. पुढच्या गुरुवारी परत. दिवाळीला कळप घेऊन निघाला तेव्हा एवढंच म्हणाला, "माघारी ईस्तवर एक बी पान घरी नेऊ नगंस. समदी वाचायची हाईत." आणि आल्यावर, खरंच, सात महिन्यांची ग्याझेटं मी त्याला पाऊसभर वाचून दाखवली. माझा घसा बसला. रंगुबाई खडीसाखर द्यायची आणि म्हणायची, "वाचा. तुमाला ह्योच दंड." त्या वाचनातूनच गावातल्या तिघांना आपल्या जमिनीवरून जाणारा रस्ता वेळेत कळला. लोक पायरीवर बसू लागले. ग्याझेट बिराप्पा हे नाव तेव्हाचं.

पंच्याहत्तरच्या भाद्रपदात एका गुरुवारी मी वाचत होतो, आणि मध्येच आमच्या गावाचं नाव आलं. तलावाचा अखेरचा निकाल होता. क्षेत्र चार एकर नव्हतं. तीन एकर आठ गुंठे होतं.

"परत वाच," बिराप्पा म्हणाला.

वाचलं.

"बत्तीस गुंठं ऱ्हायलं?"

"व्हय आबा. वरच्या अंगाचं. हिर त्यातच हाय."

"परत."

तिसऱ्यांदा वाचलं. त्याच्या डोळ्यांत पाणीबिणी काही आलं नाही. तीन एकर गेलेच होते की. वाडगं गेलं, बाभळी गेल्या, ज्वारीचं रान गेलं. उरलेल्या बत्तीस गुंठ्यांत एक विहीर आणि एका घरापुरती जागा. तो काठीनं जमिनीवर रेघ ओढत बसला, पाण्याची कड कुठवर येईल ते मांडत असावा. मग म्हणाला, "ह्येची दुसरी परत घावंल?"

"पुण्याला. न्हाईतर सांगलीला. मी आनतो."

"आन."

मी दोन आणल्या. एक प्रत त्यानं पत्र्याच्या डब्यात ठेवली, बापाच्या पागोट्यात गुंडाळून. दुसरी घेऊन तो आमच्या घरी आला, दीड वर्षानं पहिल्यांदा. उंबऱ्यात उभा राहून रंगुबाईला म्हणाला, "बाई, ती बुट्टी हाय का अजून?"

होती. फडताळात पालथी. कुणी वापरत नव्हतं, टाकवतही नव्हती. रंगुबाई रडकुंडीला आली. त्यानं ती घेतली, बुडातल्या जुन्या पानावर हात फिरवला आणि नवा कागद तिच्याकडं दिला.

"ह्येच्यावर ह्ये लाव," म्हणाला. "आनि भाकरी टाक. कुंडलास्नं चालत आलोय."

कुंडलहून आला नव्हता. विहिरीवरून आला होता, पाऊण मैलावरून. पण रंगुबाईनं चूल पेटवली आणि मी मेथ्या भिजत घातल्या.